हुकलेला गोल

बऱ्याच वर्षांनी भारताचा नेटबॉल संघ परदेशात पदकाच्या सामन्यापर्यंत पोचला, आणि बरोबरी साधून देणारा शेवटचा गोल रंजीताच्या हातून हुकला. गाडी आदिलाबाद स्टेशनात शिरली, तेव्हा फलाटावर डफडी वाजत होती. तिच्या मावला गावचे, वडिलांसोबत बाजारात बसणारे सगळे भाजीवाले हार घेऊन आले होते. यांना कुणी काही सांगितलेलंच दिसत नाही, या धास्तीनं ती डब्यातच बसून राहिली. शेवटी तिचे वडील, चंपतराव, डब्यात चढले.

"काऊन बसून राह्यली, पोरी?"

"बाबा, त्यायले वापस धाडा. मेडल माह्यामुळं गेलं."

"ठाऊक हाय. आमी साऱ्यांनी मोबाइलवर पाह्यलं. तवाच ठरलं, पोरीले एकटी उतरू द्याचं नाई."