हिम्मतरावांचा दुसरा फॉर्म

संकट कोसळल्यावर कुणाचं मन खचेल, हे मेंदूतल्या जोडण्या बघून आधीच कळतं का, असा एक अभ्यास नामपल्लीजवळच्या दवाखान्यात चालला होता. त्यासाठी हिम्मतराव आज दुसऱ्यांदा स्कॅनच्या मशीनमध्ये जाऊन आले. आत पडल्या पडल्या मनात जे घोळलं, ते मागच्यासारखंच त्यांनी फॉर्मवर मराठीत लिहून दिलं.

मशीनवरच्या बाईंनी तीन वर्षांपूर्वीचा फॉर्म पुढे केला. "अंकल, ये भी आपकेइच हाथ का है ना?"

अक्षर त्यांचंच होतं. 'कुलदीपचं हेल्मेट खुंटीवरच राहिलं.'

त्या दिवशी तर त्यांचा मुलगा कुलदीपच त्यांना स्कूटरवर घेऊन आला होता, हेल्मेट घालून. ते खुंटीवर विसरून तो निघाला तो त्यानंतर चार महिन्यांनी, आणि घरी आलाच नाही.

हिम्मतरावांनी आजचा फॉर्म परत मागितला. आपण काय लिहिलं, ते त्यांना आठवेना.

'दूध उतू गेलं, तरी योगिनी उठली नाही.'

बाहेर बाकावर त्यांची मुलगी योगिनी त्यांचं घड्याळ आणि अंगठी सांभाळत बसली होती. त्यांना बघून ती उठली.

"चला बाबा, लवकर. घरी दूध तापवायचं राहिलंय."