पखवाजावरचा तळवा

पंधरा वर्षांची धाकटी केतकी थोरल्या मृण्मयीला कडेवर घेऊन तपासणी केंद्राच्या पायऱ्या चढली. त्यांची आई इंदुताई मागून आल्या. कुणाला नवल वाटलं नाही. बुद्धीच्या तपासणीचा नंबर लागेपर्यंत मूल अभ्यासात मागे पडू नये, म्हणून वाढ थांबवणारी सुई सरकारच देत असे. मृण्मयीचा नंबर अकरा वर्षांनी लागला होता आणि ती अजून सहाचीच होती.

डॉक्टरीणबाईंना पाच मिनिटं पुरली. "बुद्धी चांगली तल्लख आहे हो. तिला ऐकूच येत नाही. घरी कधी लक्षात नाही आलं?"

इंदुताईंना कीर्तन आठवलं. पोर पखवाजाला तळवा लावून बसायची आणि बरोबर समेवर डोलायची. बुवा कौतुकानं म्हणायचे, "माउली, हिच्या कानात पांडुरंगच बसलाय." त्यावर सगळ्यांबरोबर इंदुताईही हात जोडायच्या.

"मग आता वाढू द्या तिला," त्या म्हणाल्या.

"दहा वर्षं उलटली की सुईचा परिणाम उतरत नाही, ताई."

इंदुताईंना हुंदका फुटला. मृण्मयीनं त्यांच्या थरथरत्या गळ्याला तळवा लावला आणि कीर्तनातल्यासारखी आनंदानं डोलू लागली.