वाऱ्याकडची बाजू

नीलेशचं पत्र फेब्रुवारीत आलं होतं. मे उजाडला तरी त्याला उत्तर गेलं नव्हतं. फ्रीजवर, टेबलघड्याळाखाली ते पडून होतं. शैलाताई घड्याळ पुसताना ते उचलत आणि पुन्हा तिथेच ठेवत.

आज सकाळी नीलेशचा फोन आला.

"काकू, सरांनी लिवलं का?"

"लिहितायत रे. तू त्यांना फोनवरच विचार ना."

"फोन कामाचा नाय. आमचा साहेब कागद मागतो. सरांची सही पायजे."

शैलाताईंनी पत्र उचललं आणि पडवीत नवऱ्यासमोर, रामनाथ सरांसमोर, धरलं. नीलेश हा त्यांचा जुना विद्यार्थी. तारापूरच्या एका कारखान्यात मशीनचे भाग धुवायचं काम करायचा. धुवायचं तेल आवारातल्या एका उघड्या टाकीत असे. टाकीच्या पश्चिमेला, समुद्रावरून वारा येतो त्या बाजूला, साहेबाने भरलेले ड्रम रचले होते आणि पोरांची बसायची जागाही तिथेच केली होती. जानेवारीत साहेबाने ताटलीत तेल पेटवून सगळ्यांना दाखवलं होतं, की आग वाऱ्याबरोबर जाते, वाऱ्याच्या तोंडावर येत नाही. 'सर, हे खरं आहे का? आम्ही तिथे बसावं का?' एवढंच नीलेशने विचारलं होतं.

"ते अवलंबून आहे," सर म्हणाले.

"कशावर?"

"वारा किती, तेल कुठलं... पुस्तकातही दोन्ही बाजूंनी दिलंय."

"अहो, पोरगं विचारतंय, बसू का उठू. त्याला काय कळवायचं? अवलंबून आहे?"

सरांनी चष्मा पुसला. "करून बघायला हवं."

माळ्यावर जुन्या स्टोव्हचं थोडं रॉकेल उरलं होतं. ते त्यांनी परातीत ओतलं. लाइट गेली होती, त्यामुळे पंख्याचं काम शैलाताईंकडे आलं. त्या विंझणा घेऊन परातीच्या एका बाजूला बसल्या.

"हळू. एकसारखा घाल."

"लग्न झाल्यापासून एकसारखाच घालतेय."

सरांनी समोरच्या काठाला पेटती वात लावली. ज्योत धरली, वाऱ्याने पलीकडे वाकली आणि तिथेच चिकटून राहिली. शैलाताईंच्या बाजूला ती बोटभरही सरकली नाही. सरांनी ओलं गोणपाट टाकून ती विझवली.

"साहेब बरोबर आहे म्हणायचा," ते म्हणाले आणि लिहायला बसले.

पडवीभर रॉकेलचा वास कोंडला होता. शैलाताईंनी परात उचलून अंगणात, वाळत घातलेल्या आंबोशीपासून जरा लांब ठेवली आणि आमटीला फोडणी घालायला गेल्या.

जेवणं झाली तरी सरांचा कागद कोराच. दोन कागद फाडून पायाशी पडले होते.

"मला वाटतं, एकदा पुन्हा बघावं."

शैलाताईंनी कपाळावर हात मारला. "सकाळी बघितलंत ना डोळ्यांनी!"

"माझी काही चूक झाली असेल."

"तुमची चूक एकच. पत्र पाठवत नाही तुम्ही."

पण त्या परात आणायला गेल्याच. उचलताना चटका बसला, म्हणून पदराने धरून त्यांनी ती पडवीत आणली, धाडकन ठेवली आणि विंझणा घेऊन आपल्या जागी बसल्या.

"अशी जवळ नको ना?" त्यांनी विचारलं.

"बस गं. वाऱ्याकडच्या बाजूला काही येत नाही."

सरांनी वात टेकवली.

ज्योत सरकली नाही, धावली. फप् असा आवाज झाला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ती वाऱ्याच्या तोंडावरून अख्खी परात ओलांडून शैलाताईंच्या हातापाशी आली. विंझण्याची कड पेटली. तो फेकून त्या मागच्या मागे भिंतीला जाऊन आदळल्या. सरांनी गोणपाट टाकलं, ते कमी पडलं तशी पाठोपाठ पायपुसणं टाकलं.

थोडा वेळ नुसता धूर.

"काही येत नाही ना माझ्या बाजूला?" शैलाताई भिंतीला टेकूनच म्हणाल्या.

सर त्यांच्या मनगटाकडे बघत होते. बांगड्यांखाली कातडी लाल झाली होती. "परात कुठे होती?"

"उन्हात. वास मारत होती."

सर खाली बसले. जणू स्वतःलाच समजावत बोलले. "सकाळी तेल गार होतं. गार तेल ज्योतीला आधी तापवावं लागतं, आणि वारा तिला मागे वाकवतो. आता वाफ आधीच वर पसरलेली. ज्योतीला नुसतं पोचायचं होतं."

"आणि त्या पोरांची टाकी?"

"उघडी आहे. दिवसभर उन्हात."

"साहेबाने कधी दाखवलं म्हणून लिहिलंय?"

"जानेवारीत."

"म्हणजे थंडीत," म्हणत शैलाताई उठल्या. त्यांनी कागद आणि पेन आणून सरांच्या मांडीवर ठेवलं. या वेळी सरांनी काही खोडलं नाही. 'ड्रम आणि माणसं आजच्या आज तिथून हलवा. उन्हाने तापलेल्या तेलावर आग वाऱ्याच्या उलटही धावते. मी स्वतः करून पाहिलं आहे.' खाली सही.

शैलाताईंनी त्याचा फोटो काढून नीलेशला पाठवला. लगेच उत्तर आलं. 'आमी उठलो काकू. पण ड्रमांसाठी सहीचा कागद पाठवा.'

मनगटाला कोरफड लावून त्या निघाल्या. सर मागोमाग. केळव्याच्या पोस्टापर्यंत दोघं चालत गेली. शैलाताईंनी पाकीट पेटीच्या तोंडात सरकवलं, तसा त्यांनी हात पुढे केला.

"अगं, थांब. तारीख घालायची राहिली."

"कुठली घालणार होतात? फेब्रुवारीची?" शैलाताई म्हणाल्या आणि त्यांनी पाकीट सोडलं.