मालकीणबाईंची शाल

नाताळची भेट नवऱ्याने बायकोसाठी एकट्याने, गुपचूप निवडावी, यातच संसाराचं सौंदर्य आहे. घड्याळजीला मात्र घासाघीस जमत नसे आणि खिसा बेताचा, म्हणून तो बायकोलाच दुकानात घेऊन गेला. “आमच्या घड्याळाच्या दुकानाच्या मालकीणबाईंना द्यायचीय,” अशी थाप मारून त्याने निळ्या शालीवर बोट ठेवलं. बायकोने दुकानदाराच्या नाकी नऊ आणून किंमत निम्म्यावर उतरवली. घड्याळजी सुटल्यासारखा पाकीट काढू लागला. “अहो, थांबा! त्या बाईला एवढी भारी शाल? तुम्हाला कधी चहा तरी विचारते का? दादा, ती साबणदाणी दाखवा.” “अगं बाई, ती शाल तुझ्यासाठीच आहे!” घड्याळजी हात जोडून ओरडला. बायकोने शाल खांद्यावर घेतली, आरशात दोनदा वळून पाहिलं. “माझ्यासाठी?” तिने शालीची घडी घातली. “मग उगाच एवढे पैसे कशाला घालवायचे?” येताना त्यांनी त्याच्यासाठी तीन बनियन घेतले.