डावं मनगट

कुमुदिनीने उजव्या हाताला डासांचं मलम चोपडलं आणि दोन्ही हात डासांच्या पिंजऱ्यात घातले. डावा हात अपघातानंतर प्रयोगशाळेत वाढवून जोडलेला होता. बोटं हलायची, पण स्पर्श कळायचा नाही आणि मलम न लावताही डास तिकडे फिरकायचे नाहीत. डासाला परकी वाटणारी कातडी पुढे शरीरही नाकारतं, म्हणून आज एकही डास चावला नाही तर हात काढणार होते.

दहा मिनिटांनी एक डास डाव्या मनगटावर टेकला. त्याचं पोट लाल होत गेलं.

"चावला हो बाई," डॉक्टर तडवी म्हणाल्या. "हात राहिला तुमचा."

कुमुदिनीचे डोळे भरून आले. तेवढ्यात मनगट हुळहुळलं.

"खाज सुटलीय," ती म्हणाली.

"खाजवू नका, फोटो घ्यायचाय."

"कोण खाजवतंय? खाजू दे की दिवसभर."