तिसऱ्या दिवसाचा आकडा

सुमतीबाईंनी उशीचा अभ्रा दातांत धरला होता. गर्भाशय काढून आज तिसरा दिवस. कुमुद सिस्टरने वेदनाशामकासाठी औषधाच्या कपाटावरचं बटण दाबलं, पण कुलूप उघडलं नाही. कपाटाच्या संगणकी पडद्यावर उत्तर आलं: 'या तालुक्यातल्या बायकांना तिसऱ्या दिवशी वेदनाशामक लागत नाही. पुरावा: चार हजार नोंदी.'

"डॉक्टर, त्यांना दुखतंय हो," सिस्टर म्हणाली.

"मला काय दिसत नाही? पण पुरावा नको म्हणतोय तोवर मलाही कपाट उघडता येत नाही," डॉक्टर वैतागून म्हणाले. "या नोंदी केल्या तरी कुणी?"

आठ वर्षं त्या नोंदी कुमुद सिस्टरकडेच होत्या. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाईला तिसऱ्या दिवशी विचारून दुखण्याचा आकडा भरायचा, शून्य ते दहा. चाळीस खाटा आणि ती एकटी. मग महिनाअखेरीला ती एका बैठकीत सगळे रकाने भरून टाकायची. सगळीकडे शून्य, कारण शून्य भरलं की पुढचे प्रश्न येत नसत.

ती खाटेशी वाकली. "काकू, किती दुखतंय? दहापैकी सांगा."

"नऊ गं बाई... नऊ."

तिने नऊ भरला. चार हजारांनंतरचा पहिला खरा आकडा.

पडद्यावर लगेच अक्षरं उमटली: 'नोंद आधीच्या पुराव्याशी जुळत नाही. परिचारिकेचा हलगर्जीपणा समजून वगळली आहे.'