मूळच्या खुंट्या

दीडशे वर्षांपूर्वीचा वाद्यवृंद जसाच्या तसा पुन्हा उभा करायचं ठरलं आणि सगळी जुनी वाद्यं कारागिराच्या दुकानात येऊन पडली. काम एवढंच, की पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, हौसेने केलेल्या सुधारणा एकेक करून काढायच्या.

"त्यांनी जन्मभर बसवलं आणि तू आठवड्यात उचकटतोयस," आई दारातून म्हणाली. "बरंय, बघायला ते नाहीत."

अण्णांनी हयातीत कारागिराला एक स्क्रूसुद्धा स्वतःच्या मनाने पिळू दिला नव्हता. आता त्यांचंच काम मोडायला हात धजत नव्हता. त्यात माणसापेक्षा उंच अशा डबल बास या तंतुवाद्याच्या, तारा ताणायच्या मूळच्या लाकडी खुंट्या काही सापडेनात. अण्णांनी त्या काढून लोखंडी चाव्या बसवल्या होत्या. वाद्यवृंद उभा करणाऱ्या बाईंनी तर बजावलं होतं, "खुंट्या मूळच्याच हव्यात. नसतील तर हा बास आम्ही घेणार नाही."

दुरुस्ती करणारा वाद्याच्या पोटात एक चिठ्ठी चिकटवतो, त्यावर काय काय बदललं ते लिहितो. शेवटचा उपाय म्हणून कारागिराने बासच्या फटीतून बॅटरी मारली. आत अण्णांचं टपोरं अक्षर होतं. तारीख, बदललेल्या भागांची यादी, आणि त्याखाली:

"बंड्या, मी गेल्यावर तू हे सगळं काढणारच. जुन्या खुंट्या माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात आहेत. स्क्रू डावीकडे फिरव."